मांजराच्या लिटरची धूळ: नवीन मांजरवाल्यांसाठी पायरी-पायरीने

माझा बोका गोट्या दीड वर्षाचा असताना रात्री मधेच उठून जमिनीला पोट टेकवून बसायचा, मान पुढे लांब काढायचा आणि खॅ खॅ करून कोरडा खोकायचा, आणि मी काय समजायचे तर हेअरबॉल, म्हणजे चाटून पोटात गेलेल्या केसांचा गोळा, अडकलाय. केस मात्र एकदाही बाहेर पडले नाहीत. मिनिटभर खोकून, एकदा घोट गिळून, काही झालंच नाही अशा थाटात निघून जायचा. मी चार महिने त्याला हेअरबॉलची पेस्ट चाटवत बसले. शेवटी व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला तर त्यांनी पेस्टबद्दल काही विचारलंच नाही, पहिला प्रश्न हाच की लिटर, म्हणजे मांजराच्या शी-सूच्या ट्रेमध्ये टाकतात ते दाणे, कुठलं वापरता आणि ओतताना धूळ उडते का. उडते का म्हणजे काय, ओतलं की शेजारच्या कपाटावर पांढरा थर बसायचा, मी तो रोज पुसायचे, पुसताना मलाच शिंका यायच्या आणि तरी माझी ट्यूब पेटली नव्हती!

तपासण्या झाल्या आणि त्याला दमा निघाला. लिटरने दमा झाला असं कोणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणत नाही, पण दमा असलेल्या जिवाला दिवसातून चार-पाच वेळा धुळीत नाक खुपसायला लावणं हे काही शहाणपणाचं नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदाच मांजर आणताय किंवा नुकतंच आणलंय तर हे आधीच वाचून ठेवा. यातलं बरंचसं फुकटात होण्यासारखं आहे.

आधी धूळ येते कुठून ते बघू

पूर्वी लोक ट्रेमध्ये राख, वाळू, भुसा असलं काहीही टाकायचे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी ओल शोषणाऱ्या मातीचे दाणे वापरायला दिले आणि तिथून मातीच्या लिटरचा धंदा सुरू झाला. मग १९८४ मध्ये थॉमस नेल्सन या बायोकेमिस्टने बेंटोनाइट मातीचं लिटर काढलं, सू पडली की गोळा होणारं, ज्याला आपण क्लंपिंग म्हणतो. बेंटोनाइट पाणी प्यायल्यावर कित्येक पट फुगतं आणि चिकटतं म्हणून गोळा होतो. स्कूपने, म्हणजे जाळीच्या चमच्याने, गोळा उचलला की काम झालं, म्हणून ते इतकं चाललं.

पण आहे ती मातीच. खाणीतून काढायची, वाळवायची, दळायची, चाळायची, पोत्यात भरायची. पुढे ट्रकमधून हेलकावे खात येताना दाण्यावर दाणा घासतो आणि पोत्याच्या तळाशी पीठ साठत जातं. या मातीत थोडाफार क्वार्ट्झ असतो, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, आणि सगळी भीती पसरते ती याच शब्दावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. दगड फोडणारे, खाणीत राबणारे, सँडब्लास्टिंगवाले यांना वर्षानुवर्षं ती धूळ ओढून सिलिकोसिस होतो, फुफ्फुसावर व्रण पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. हे सगळं खरं. पण ही माणसं आठ-आठ तास ढगात उभी असतात आणि आपण दोन मिनिटं स्कूप मारतो, त्यामुळे पोत्यावरचा सिलिका शब्द वाचून घाबरून जायचं कारण नाही. घरातला रोजचा त्रास साधा असतो, नाक, डोळे, घसा, आणि ज्याला आधीच दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे त्याची छाती. तो मात्र अगदी खराखुरा असतो.

अजून एक, कणाचा आकार. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातून पुढे श्वासनलिकांपर्यंत जातात, ४ च्या खालचे तर फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत. १० मायक्रॉनचा मातीचा कण शांत हवेत काही मिनिटांत खाली येतो, पण २-३ मायक्रॉनवाला तास तासभर तरंगतो आणि पंखा चालू असेल तर अजूनच जास्त. म्हणजे दिसणारा ढग खाली बसला की हवा स्वच्छ झाली असं आपल्याला वाटतं, पण ते तसं नसतं.

पायरी १: तुमच्या लिटरची धूळ डोळ्यांनी बघा

पोत्यावर ९९ टक्के डस्ट-फ्री लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. हिशोब करून बघा ना, १० किलोच्या पोत्यात उरलेला १ टक्का म्हणजे १०० ग्रॅम, आणि १०० ग्रॅम बारीक पूड उडाली तर अख्खी खोली पांढरी होईल.

त्यापेक्षा हे करा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, पंखा बंद करा, मोबाईलचा टॉर्च ट्रेच्या मागून आडवा धरा आणि स्वतः जमिनीवर पालथे पडून नाक ट्रेच्या कडेशी आणा. घरच्यांना काय वाटेल ते वाटू द्या. आता दुसऱ्या कोणाला तरी स्कूपने मांजरासारखं खणायला सांगा. टॉर्चच्या उजेडात जे उठताना दिसेल ते तुमचं मांजर रोज ओढतं. आपण पाच फुटांवरून बघतो म्हणून आपल्याला धूळ थोडीशीच वाटते. मांजर वास घेत खणतं, सू करतं, वळून परत वास घेतं आणि झाकतं, या सगळ्या वेळात त्याचं नाक लिटरपासून वीतभर अंतरावर असतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शप्पथ सांगते, त्याच रात्री ते पोतं घराबाहेर काढलं.

दुसरी टेस्ट झाकणवाल्या काचेच्या बरणीची. अर्धी बरणी लिटर घ्या, दहा वेळा हलवा, ठेवा आणि काच बघत बसा. काही सेकंदात पलीकडचं दिसायला लागलं तर ठीक, मिनिटभर धुरकट राहिली तर ते लिटर धुळीचंच. नवीन लिटर ट्राय करताना छोटं पॅक आणून आधी ही टेस्ट करायची, मोठं पोतं नंतर.

आणि तिसरी तर टेस्टही नाही, ट्रेमधून बाहेर आलेल्या मांजराचे पंजे बघा. काळ्या फरशीवर पांढरे ठसे उमटत असतील तर तीच पूड ते पुढच्या दहा मिनिटांत पंजे चाटून पोटात घेणार आहे.

पायरी २: घरात जपायचं कोणाला ते ठरवा

सगळ्यांना सारखा धोका नसतो. धडधाकट माणूस, धडधाकट मांजर, हवेशीर घर, मग थोडी धूळ चालून जाते. पण यातलं कोणी असेल तर पुढच्या पायऱ्या जरा मनावर घ्या:

- दमा, सीओपीडी (फुफ्फुसाचा कायमचा आजार) किंवा जुना खोकला असलेलं माणूस. यांनी ओतायचं काम करूच नये, दुसऱ्याला द्यावं.
- गरोदर बाई. इथे मुद्दा धुळीपेक्षा टोक्सोप्लाझ्माचा आहे. हा परजीवी मांजराच्या शीमधून पडतो, तोही बहुतेकदा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे. पडल्यावर तो लगेच लागण करत नाही, त्याला तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलली तर धोका खूपच कमी होतो. शक्यतो दुसऱ्या कोणी उचलावी, अगदीच इलाज नसेल तर ग्लोव्ह्ज घालून उचलावी आणि नंतर साबणाने हात. मांजर घराबाहेर काढायची काही गरज नाही, हे घरातल्या मोठ्यांना समजावण्यातच अर्धी शक्ती जाते. तरी डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगून ठेवा.
- रांगणारं मूल. त्याला ट्रे म्हणजे वाळूचा खड्डाच वाटतो.
- मांजराची पिल्लं. पिल्लू सगळं तोंडात घालून बघतं आणि क्लंपिंग लिटर पोटात जाऊन फुगलं तर आतडं तुंबू शकतं. साधारण तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत क्लंपिंग नको, कागदाच्या किंवा लाकडाच्या पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्या, द्या.
- कुत्रा. कुत्र्यांना मांजराची शी म्हणजे मेवा, माफ करा पण आहे ते असं आहे, आणि शीबरोबर मातीचे गोळेही जातात. उलट्या, जेवण बंद, शी बंद असं दिसलं तर थांबू नका, व्हेटकडे न्या. मधे बेबी गेट लावलं की मांजर आरपार जातं आणि कुत्रा बाहेर राहतो.
- पक्षी. पक्ष्यांच्या शरीरात फुफ्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतल्या कुठल्याही गोष्टीचा त्यांना आपल्या कितीतरी आधी त्रास होतो. पिंजरा आणि ट्रे एका खोलीत नकोच.

सश्याला क्लंपिंग मातीचं लिटर कधीच देऊ नका, तो खातो. मोठं मांजर अचानक लिटर खायला लागलं तर त्याला सवय म्हणून सोडू नका, रक्त कमी झाल्याचं ते लक्षण असू शकतं, रक्ताची टेस्ट करून घ्या.

पायरी ३: लिटर निवडा

लोक विचारतात सगळ्यात चांगलं लिटर कुठलं. तुमचं मांजर ज्यात जातं त्यातलं सगळ्यात कमी धुळीचं, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, कारण मांजराने नाकारलेलं लिटर कितीही आरोग्यदायी असलं तरी ते शेवटी तुमच्या गादीवरच जाणार.

मातीचं क्लंपिंग बहुतेक मांजरांना आवडतं, पायाला वाळूसारखं लागतं. धूळ ब्रँडप्रमाणे कमी-जास्त, बरणीची टेस्ट करून घ्या. दाणा गोळीसारखा गोल आणि गुळगुळीत असेल तर सहसा कमी उडते, फुटक्या चुऱ्यासारखा असेल तर जास्त. क्लंप न होणारी साधी माती बहुतेकदा अजून धुळकट निघते आणि वासही लवकर येतो, मला तिचा उपयोग कळलेला नाही.

सिलिका जेलचे क्रिस्टल्स बघून लोक दचकतात की सिलिका आली, पण ही सिलिका स्फटिकरूप नाही, तीच जी बूट-बॅगांच्या खोक्यात पुडीमध्ये येते तिची मोठी बहीण. त्या कॅन्सरच्या पहिल्या गटात ही नाही. सुरुवातीला धूळ कमी असते, पण मांजर तुडवून तुडवून तिचा चुरा करतं आणि महिन्याच्या शेवटी बघितलं तर तीही उडायला लागते. शिवाय काही मांजरांना पायाला टोचते.

कागदाच्या पेलेट्सना जवळजवळ धूळ नसते, म्हणून ऑपरेशननंतर टाक्यांना माती लागू नये यासाठी व्हेट त्याच सुचवतात. वास धरून ठेवण्यात मात्र कच्च्या. लाकडाच्या पेलेट्स ओतताना छान, सू पडली की मात्र त्यांचा भुसा होतो आणि तो सुकला की उडतो, म्हणून जाळीचा दोन मजली ट्रे घ्यावा लागतो, भुसा खाली पडतो आणि पेलेट्स वर राहतात. लाकूड भट्टीत वाळवलेलं असावं, उग्र वासाचं देवदारासारखं कच्चं लाकूड नको. टोफू लिटर, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याच्या शेवयांसारखे तुकडे, धुळीला बरंच कमी आणि मी सध्या तेच वापरते, पण दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि बुरशीची पूड धुळीपेक्षा वाईट. मका-गव्हाच्या लिटरचंही तेच, वर त्यात किडे होतात. असलं लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, आणि डबा उघडल्यावर कुबट वास आला तर सरळ फेकायचं, मांजर खाईल की नाही वगैरे विचार नको.

सुगंधी लिटर? नको. सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि दम्याच्या मांजराला तर धूळ एक आणि परफ्यूम दोन. वास येतोय म्हणजे ट्रे साफ करायची वेळ झाली.

पायरी ४: ओतायची पद्धत बदला

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि याला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. लोक काय करतात, उभ्याने पोतं कमरेला टेकवून धबधबा सोडतात आणि मग हाताने वारा घालत खोकत बाहेर पळतात. मी पण तेच करायचे.

आता माझं असं असतं. मांजरांना दुसऱ्या खोलीत घालून दार लावते. पंखा आणि एसी बंद, खिडकी उघडी. तोंडाला एन-९५ मास्क, कापडाचा नाही, कापडाचा मास्क बारीक कणांना जवळपास मोकळाच असतो. पोतं हलवायचं नाही, आपटायचं नाही. पोत्याचा एकच कोपरा कापायचा, ट्रे जमिनीवर, आणि ते कापलेलं टोक थेट ट्रेच्या तळाला टेकवून पोतं हळूहळू मागे ओढत न्यायचं, म्हणजे लिटर वरून पडत नाही तर सरपटत बाहेर येतं. पडायची उंची जितकी कमी तितकी धूळ कमी, इतकं साधं आहे. जड पोतं असं धरणं जमत नसेल तर झाकणाच्या बादलीत ठेवा आणि मगाने काढा, मग ट्रेमध्ये आत नेऊन तिरका करा.

जाडी ५ ते ७ सेंटिमीटर. कमी टाकलं तर सू तळाला चिकटते, मग आपण खरवडत बसतो आणि खरवडताना जी कोरडी पापडी फुटते तिची धूळ सगळ्यात घाण असते, माती अधिक वाळलेली लघवी.

पोत्याच्या तळाशी जे ओंजळभर पीठ उरतं ते ट्रेमध्ये झटकू नका. टाकून द्या. जीव तुटतो, मला कळतं, मी स्वतः कोपऱ्यातला शेवटचा दाणा काढणारी आहे, पण अख्ख्या पोत्याची धूळ त्या तळात बसलेली असते. फारच वाटलं तर मोकळ्या हवेत बारीक चाळणीने चाळून वरचे दाणे घ्या, ती चाळणी मग याच कामाला ठेवायची, हे काय सांगायला हवं.

काही जण लिटरवर पाणी शिंपडायला सांगतात. क्लंपिंगवर शिंपडाल तर आयते गोळे तयार होतील, करू नका.

ओतून झालं की अर्धा तास मांजराला आत सोडू नका. तेवढ्यात आजूबाजूची फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरड्या झाडूने झाडलं तर बसलेली धूळ परत वर, आणि साधा व्हॅक्युम क्लीनर पुढून ओढून मागून बारीक धूळ बाहेर फेकतो, हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरवाला असेल तरच वापरा. फडकं बेसिनमध्ये पिळताना जपून, बेंटोनाइट पाइपात जाऊन फुगतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं, अनुभव आहे.

पायरी ५: ट्रे कुठे, कसला

पंख्याखाली नको, एसीच्या झोतात नको, बेडरूममध्ये शक्यतो नको, जेवणाच्या आणि पाण्याच्या भांड्यांजवळ तर नकोच, कारण पाण्यावर पूड तरंगते. खिडकी उघडता येते अशी जागा बेस्ट, पण मांजराला रात्री अंधारात दहा दारं ओलांडायला लागू नयेत. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि आकार मांजराच्या लांबीच्या दीडपट.

झाकणवाल्या बॉक्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. झाकण लावल्यावर बाहेर धूळ दिसत नाही म्हणून आपण खूश, पण ती गेली कुठे? आतच आहे, मांजरासकट. अमोनियाही आतच, तो लघवीतल्या युरियापासून बॅक्टेरिया बनवतात, डोळ्यांना आणि श्वासनलिकेला चुरचुरणारा. दम्याच्या मांजराला झाकण काढूनच ठेवा. उकरून बाहेर उडवणारं मांजर असेल तर झाकणाऐवजी उंच कडेचा उघडा ट्रे घ्या, बाहेर एक जाळीदार मॅट टाका, पंज्यातले दाणे तिथेच झडतात.

एअर प्युरिफायर उपयोगी पडतो. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ट्रेपासून थोड्या अंतरावर ठेवा, त्याचा वारा ट्रेवर येता कामा नये, आणि पुढची जाळी वरचेवर साफ करा कारण लिटरची धूळ ती आठवड्यात बुजवते. अमोनियाला हेपा काही करत नाही, त्याला आतमध्ये कार्बनही लागतो. पण आधी पायरी ४, मग प्युरिफायर, उलटं करून पैसे घालवू नका.

पायरी ६: रोजचं

दिवसातून निदान एकदा, जमलं तर दोनदा स्कूप. स्कूप खाली घालून गोळा उचलायचा आणि दाणे हलकेच झिरपू द्यायचे, सूप पाखडल्यासारखं झटकायचं नाही. क्लंपिंग लिटर दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदला, त्याच त्या लिटरवर नुसती भर टाकत गेलात तर खाली नुसतं पीठ उरतं. ट्रे गरम पाणी आणि साध्या भांड्याच्या साबणाने. ब्लीच बिलकुल नाही, लघवीतल्या अमोनियाशी त्याचा क्लोरामिन वायू होतो आणि तो फुफ्फुसाला घातक असतो. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं फिनाइलही मांजराला विषारी, ते ट्रेच्या आसपास नको.

आणि फ्लशेबल लिहिलं असलं तरी शी टॉयलेटमध्ये टाकू नका. टोक्सोप्लाझ्माची अंडी सांडपाणी प्रक्रियेतही मरत नाहीत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री ऊदमांजरं या परजीवीने मेली आहेत. पिशवी बांधा, झाकणाच्या डब्यात टाका.

पायरी ७: लिटर बदलताना घाई नको

एका रात्रीत बदललं आणि मांजराने उशीवर सू केली तर चूक तुमची. पहिल्या दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, पाऊण जुनं, मग अर्धं-अर्धं, असं करत सात-दहा दिवस घ्या. माझी मांजरी शेवंता फारच नाटकी, तिच्यासाठी जुना आणि नवा असे दोन ट्रे शेजारी ठेवले, तीन आठवडे ती नव्यात फक्त बसून झोपायची. मग एक दिवस गेली.

एक गोष्ट मात्र लिटरच्या खात्यावर घालू नका: बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय आणि सूचा थेंब नाही किंवा अगदीच थेंबभर. याला नवीन लिटर आवडलं नाही असं म्हणून उद्यावर ढकललंत तर तो हातचा जाऊ शकतो. लघवी तुंबली असू शकते, तासाभरात निघा.

पायरी ८: लक्षणं ओळखा, मोजा, शूट करा

माणसांचं आधी. ट्रे साफ केल्यावर लगेच शिंका, डोळे चुरचुरणं, घशात खवखव आणि तासाभरात बरं, तर संशय धुळीवर. दिवसभर, मांजर मांडीवर आलं की, त्याच्या गादीजवळ गेलं की त्रास, तर ती बहुधा मांजराचीच अ‍ॅलर्जी, तिच्यामागे फेल डी १ नावाचं प्रोटीन असतं जे मांजराच्या लाळेत आणि त्वचेत तयार होतं. दोन्ही एकत्रही असतात. दोन आठवडे ट्रेचं काम दुसऱ्याला देऊन फरक पडतो का लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. छातीत शिट्टी वाजणं, दम लागणं असेल तर दोन आठवडे थांबू नका.

मांजराचं अवघड, कारण ते लपवतं. अंदाजे १ ते ५ टक्के मांजरांना दमा असतो, बहुतेकदा तरुण ते मध्यम वयात कळतो, सयामी जातीत जास्त दिसतो. खोकताना ते खाली दबून मान ताणतं, पोट धपापतं आणि तोंडातून काही पडत नाही. हेअरबॉलमध्ये शेवटी ओकारीबरोबर केसांची वळकटी पडते. ही एक गोष्ट मला चार महिने आधी कोणी सांगितली असती तर! खोकला दिसला की ओरडत जवळ जाऊ नका, मोबाईल काढा आणि पंधरा सेकंद शूट करा, कारण व्हेटच्या टेबलावर ते कधीच खोकत नाही.

आणि श्वास मोजायला शिका. मांजर गाढ झोपलेलं असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. स्वप्न बघत पाय हलवत असेल तर तेव्हा नको, घुरघुरत असेल तेव्हाही नको. मिनिटाला १५ ते ३० च्या आत असावं. झोपेत सारखं ३० च्या वर दिसलं तर व्हेटना फोन करा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर-राखाडी दिसत असतील तर फोनही नंतर, आधी गाडी काढा.

निदान झाल्यावर औषध चालू झालं तर लिटर बदललं म्हणून ते मनाने बंद करू नका. गोट्याला चेहऱ्यावर छोटा मास्क लावून स्पेसरमधून, म्हणजे मास्क आणि इनहेलरच्या मधल्या नळकांड्यातून, इनहेलर देतो, सुरुवातीला दोघांनी धरावं लागायचं, आता डब्याचा आवाज आला की स्वतःच येऊन बसतो, कारण नंतर खाऊ मिळतो. फ्रिजवर कागद लावलाय, दर रविवारी त्यावर झोपेतले श्वास लिहितो. लिटर बदललं त्या आठवड्यात ३८ होते. काल रात्री मी दोनदा मोजले, २२.